लाल गाडी, पांढरी गाडी अन् मधात मी

माझं नाव उकंडा. माझ्या आधीचे मायचे दोन लेकरं वाचले नाही, म्हनून मी झालो तसं तिनं मले उकिरड्यावर नेऊन ठेवलं, का देवाले वाटावं हे फेकलेलंच हाय, याले नेऊन काय करू. देव फसला. पन काय सांगू तुम्हाले भाऊ, मोठ्या लोकाइनं बोलावलं का जाऊ नाही, हे मले कोनी शिकवलं नाही.

आमचं गाव आर्णीकडलं. घरी कापूस, तूर, चार एकराची शेती, पन लोकं मले वळखत झेंडीवाला म्हनून. शंकरपटात बैलाच्या दोन जोड्या दोन चाकोऱ्याइनं सरळ पळत येते, अन् पट जिथं सरते तिथं मी रेषेवर, दोन्हीच्या मधात हुभा राहो. जी जोडी पयली, त्या अंगाची झेंडी वर. आता घड्या आल्या, बटनं आली, तरी लोकं म्हनत, पयले उकंडाची झेंडी पाहा, मंग घडी पाहा. मी पाहतही नोयतो लय, खुराचा आवाज ऐको. अन् बैल कितीही उधळला तरी मानूस दिसला का अंग चोरते. माझ्या आंगाले कोन्या बैलाचं शेपूटही लागलं नाही कधी.

तं हे दोघं साडू. विलासशेठ दिग्रसचे, जिनिंगवाले, आमच्या गावाचा कापूस त्याइच्याकडेच जाते. प्रमोदभाऊ यवतमाळचे, शेतं घेते अन् प्लॉट पाडते. बायका सख्ख्या बहिनी, म्हनून एकानं बंगला बांधला का दुसऱ्यानं आपल्यावर माळा चढवलाच समजा. विलासशेठनं लाल गाडी आनली, दोन दरवाज्याची, तिच्यात बसाचं म्हनलं तं निजाच लागते, अन् आवाज असा का पाळन्यातलं लेकरू दचके. प्रमोदभाऊनं पांढरी आनली, बॅटरीवाली, तिले आवाजच नाही. प्रमोदभाऊ म्हनत, माझी हुभ्या जागेवरून शंभरावर जाते तवा तुही गुरगुरतच राह्यते. विलासशेठ म्हनत, शंभराच्या पुढे ये, मंग तुह्या खेळन्याचा जीव पाहू. जेवनाच्या ताटावर हेच, मैतीतही हेच. दोघाइची सासू म्हने, बाप्पा, एकदाच्या पळवून घ्या अन् मले मोकळी करा.

गावाजवळ नवा बायपास झालता, सुरू नोयता. सुतानं आखल्यासारखा सरळ. रविवारी सकाळी दोन्ही गाड्या ट्रकवर बसवून आनल्या, काहून का आमच्या गावचे गतिरोधक त्याइले चढता येत नाही, पोट टेकते. बैलबंडी जाते तिथं ते गाडी जाऊ शकत नाही, पन गोष्ट वेगाची सुरू होती म्हनून कोनी हासलं नाही. डीजे, फेटे, वरतून ड्रोन, चाकाखाली निंबू. दोघंही आपापल्या गाडीत निजले. अन् मले फेटा बांधून म्हने, उकंडाभाऊ, न्याय तुमचा.

मी पटात हुभा राहो तसाच राह्यलो, रेषेवर, मधात. बाजूले सरक असं कोनीच म्हनलं नाही. झेंडीवाला तिथंच राह्यते, साऱ्या गावाले हेच ठाऊक.

लाल गाडी बोंबलत निघाली. मी कान तिच्यावर ठेवला. समजलं, दूर हाय अजून, येऊ दे. अन् पांढरी कवाचीच आलती. रेषेवर ते जराशी माझ्या अंगानं वढली, माझा उजवा पाय घेऊन गेली, अन् मी खाली पडल्यावर लाल गाडी बाजूनं गेली.

डांबरावर पडून होतो. प्रमोदभाऊ धावत आले, मले वाटलं उचलते. वाकून म्हने, उकंडाभाऊ, पयले कोन? मांगून विलासशेठ वरडले, त्याले पढवू नोको, त्याच्या मनानं सांगू दे. मी पानी मांगितलं तं एक पोट्टा मोबाईल धरून म्हने, काका, इकडे पाहून बोला.

दवाखान्यातही दोघं आले, पेढे घेऊन. माझी बायको शेवंता म्हने, पाय मोडला त्याचे पेढे कोन वाटते हो? दोघाइचं एकच, माझीच पयली होती ना, सांगून टाक. मंग पोलिस ठान्याचा जमादार आला. तो म्हने, मारलं कोन्या गाडीनं? आता सीधी गोष्ट हाय, जे पयले आली तिनंच. हे दोघाइच्या डोक्यात एकाच वक्ती शिरलं. प्रमोदभाऊ म्हने, नाही नाही, लाल पुढे होती, मी हारलो. विलासशेठ म्हने, असं कसं, हारलो तं मी. शेवंता म्हने, सकाळी एकही हाराले तयार नोयता, आता दोघाइले घाई झाली.

मले पाय कापाले आत नेलं अन् बाहेर सासूनं दोन्ही जावई एका बाकड्यावर बसवले. मी शुद्धीवर आलो तवा पाय नोयता अन् जबाब झालता. गावच्या चौघाइनं देल्ला का मोकाट गोऱ्हा आला, त्यानं उकंडाले उडवलं. साऱ्याइच्या मोबाईलात खरं होतं, पन एकाले कापूस विकाचा होता, एकाले शेत प्लॉटात द्याचं होतं. चौघात माझा सख्खा चुलतभाऊ. काहून रे, म्हनलं. तं म्हने, दादा, पाय तं गेलाच, आता आमच्या पोटावर कायले पाय देतं?

पायासाठी रडलो नाही तेवढा मी त्या गोऱ्ह्यासाठी रडलो. बैलानं उडवलेला झेंडीवाला कोन बोलावते? पटवाल्याइनं दुसरा मानूस धरला. एक जन तोंडावर म्हने, उकंडाभाऊ, तुम्हाले आता बैल समजत नाही.

मांगच्या दिवाळीले दोघं साडू एकाच उंच गाडीत आले, प्लास्टिकचा पाय घेऊन. मापाचा नाही, बोटभर लांब हाय. पायासंग माझा फोटो काढला. शेवंता चहा ठेवाले आत गेली तसे प्रमोदभाऊ हळूच म्हने, आता केस बंद हाय, खरं सांग, पयले कोन? विलासशेठही सरकून बसले. मी म्हनलं, जबाब वाचा ना शेठ. गोऱ्हा पयला. तुम्ही दोघंही त्याच्या मांगे.

मले वाटलं, लागंल त्याइले. त्याइनं एकमेकाकडे पाह्यलं अन् असे हासले का खाट हालली. आता लग्नात, बारशात हेच सांगते, उकंडानं काय न्याय केला म्हनते, दोघंही हारले नाही. सासूही मोकळी झाली.

पांढरी पयली होती भाऊ. लिहा, नाही लिहिलं तरी चालते, गावाले ठाऊकच हाय. मी त्याइले वाईट म्हनत नाही. देव त्याइले याच्याहून जोराच्या गाड्या देवो, रस्ता असाच सरळ देवो, अन् तिथं रेषेवर त्याइच्या घरचं कोनी हुभं नसो.