एका बटणानं जिंकलेली आई

अहो, त्या सोमवारी मी माझ्या पोरीला हरवलं, आणि जिंकल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

आमची पल्लवी मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धा खेळते. त्या गेमचा नवा भाग आला, तर ही तोंड पाडून बसली.

"काऊन वं? नवीन आला तं खुश व्हाव ना!" मी म्हटलं.

"तूच खेळून पाय," म्हणत तिनं एक कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतः घेतला.

मला सोमवारचा उपास होता. मी हरतच होते.

"आता वरचं बटन दाब," ती म्हणाली.

मी दाबलं, आणि माझ्या पैलवानानं तिच्या पैलवानाला एका दमात आडवं केलं. मी हसले. ती हसली नाही.

"हा डाव शिकाले मले तीन वर्षं लागले, आई. आता जो हरून राहिला त्याले फुकटात भेटते."

"अवं, नवशिक्यांचंही मन राखलं असंल."

"तू सोळा सोमवार करशील, अन् शेजारच्या काकू एकच सोमवार करून तुझ्या बाजूला उद्यापनाले बसतीन. चालन तुले?"

मी कुणाच्या व्रताचा हेवा करत नाही. पण खरं सांगते, मला ते लागलं.

"मंग तू जुनाच खेळ," मी म्हटलं.

"सगळ्या स्पर्धा आता नव्यावरच होऊन राहिल्या. जुन्यात माह्यासमोर बसाले कोण येईन? तू?"

मी मोठ्या उमेदीनं "हो" म्हटलं, आणि पोरगी रडायलाच लागली.