एका घराची दोन मतं

डोळ्यांत औषध घातलं होतं, म्हणून शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी एक नवरा-बायको येऊन टेकले. कान काही मिटता येत नाहीत.

"उद्या राजधानीत वरच्या सभागृहात भाषण ठोकणार असाल."

"भाषणं खालच्या सभागृहातले ठोकतात, त्यांना लोकांनी निवडून दिलंय. या देशात वरती राज्यांच्या सरकारांची माणसं बसतात. मला आपल्या राज्य सरकारनं पाठवलंय. ते सांगेल तेव्हा हात वर करायचा."

"म्हणजे स्वतःचं डोकं घरी ठेवून जायचं."

"अगं, राज्याचं म्हणणं एकच हवं. आम्ही चौघं जातो. एकानं जरी वेगळं मत दिलं, तरी चारही बाद."

"असं होय. मग सकाळी लेकीसमोर काय केलंत?"

"काय केलं?"

"एवढ्या लांबची नोकरी नको म्हणायचं, असं आपलं रात्री ठरलं होतं. मी नको म्हटलं, आणि तुम्ही खुशाल जा म्हणालात."

"तिचा चेहरा बघितलास का तू?"

"बघवला नाही, म्हणून तर भिंतीकडे बघून बोलले."

"मग झालं तर. आपली दोन्ही मतं बाद. आता ठरवायचं तिनंच."

"मुद्दाम केलंत तुम्ही हे."

"नियमच आहे तसा, मी काय करू."

थोडा वेळ पर्सची चेन नुसतीच उघडत आणि मिटत राहिली.

"अहो, मत बाद झालेल्यांना तिची बॅग भरायला बसता येतं का?"

"त्याबद्दल सरकारचा काही आदेश नाही."

"मग जाताना बाजारात थांबू. तिच्याकडे जाड स्वेटर नाही."