वसाहतीच्या बागेत पाणी घालून वाढवलेल्या तणाबाबत

मी, कादिशा कुर्मानबाय, वय ६८, धंदा घरकाम व लोकरीचे नमदे म्हणजे जाड बैठका शिवणे, राहणार कालव्यालगतची वसाहत, अल्माटी, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी पतीसह मंगोलियातून येथे राहावयास आले. पतीचे नाव मी घेत नाही, आमच्यात घेत नाहीत. साहेबांनी ते ओळखपत्रावरून लिहून घ्यावे. तिकडे आता आमचे कोणी उरले नाही. पती गावाच्या आठवणीने धड जेवेनात, दोन घास खाऊन उठत. म्हणून तिकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून माळावरच्या झुसानचे बी मागवून मी वसाहतीच्या बागेत पेरले. झुसान म्हणजे कडू वासाचे झुडूप. आमच्याकडे सगळा माळ त्याच वासाचा आहे.

रोपे कमरेएवढी वाढली. पती रोज तिथे बाकावर बसत व त्यांच्या डोळ्यांना धार लागे. मला वाटले, गाव भेटले. मी आणखी पाणी घातले. मोठ्या दुखण्यापासून मला स्वतःला वास येत नाही.

आज सकाळी काही मुलेमुली आसारला आली. आसार म्हणजे सर्वांनी मिळून फुकट करायचे काम. बागेत माजलेले परके तण काढायचे होते. तोगझान नावाच्या मुलीने माझी रोपे उपटली. मी बादलीभर पाणी तिच्या अंगावर ओतले, हे खरे आहे. ती म्हणाली, "आजी, हे झुसान नाही, बाहेरून आलेलं तण आहे. याच्या फुलोऱ्यानं माणसं शिंकून बेजार होतात." मला पटले नाही. मी तिला दंडाला धरून ठाण्यात आणले. पती मागोमाग आले.

साहेबांनी विचारल्यावर पती म्हणाले, "मी सुरुवातीलाच पान चुरडून पाहिलं होतं. वास नव्हता."

मी म्हणाले, "मग तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"तू एवढ्या बादल्या भरभरून पाणी आणत होतीस," असे म्हणून ते शिंकले. मला चारचौघांत फार लाज वाटली.

त्यावर तोगझानने सांगितले की, तणाखाली खऱ्या झुसानची, रुपेरी पानांची तीन इवली रोपे दबली होती, ती तिने राखली आहेत. एक पान तिने खिशातून काढून दिले. पतींनी ते चुरडून नाकाशी धरले. पुन्हा पुन्हा हुंगले. मग मला म्हणाले, "घरी काय शिजवलंयस? भूक लागली."

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मुलगी आमच्याकडे जेवायला येत आहे. वरील मजकूर मला आमच्या भाषेत ऐकवला, तो मी बोलले तसाच आहे. अंगठा लवकर घ्यावा, मांस अजून चुलीवर चढवायचे आहे.