देवीला विचारलेलं जनरल नॉलेज

भावोजींबरोबर जनरल नॉलेज खेळू नका, आत्ताच सांगून ठेवतो. गोवा राज्य झालं त्याच वर्षीची चतुर्थी. गोव्यात मुळगावला बहिणीकडे आरतीनंतर आम्ही आळीपाळीनं प्रश्न विचारत होतो. हरेल त्याच्या वाट्याच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, दुसऱ्याला. माझी पाळी आली तेव्हा मुद्दाम सोपं विचारलं, "देशातलं सगळ्यात नवं राज्य कुठलं?"

"सिक्कीम," भावोजी म्हणाले.

"अहो, गोवा!"

"माझ्या पुस्तकात गोवा केंद्रशासित आहे."

"पुस्तक जुनं आहे तुमचं! आपण बसलोय कुठं?"

"मुळगावात. राज्य कुणी बघितलंय?"

शेवटी बहिणीची सासूच वैतागली. "झगडतात कित्याक? देवीक कौल लावा."

आणि सकाळी भावोजी मला खरंच देवळात घेऊन गेले हो! गुरवानं मूर्तीला उजवी-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, गोंय राज्य झाला आसात तर उजवी दी, नाय तर डावी."

डावी पडली.

भावोजींनी देवीला हात जोडले आणि घरी येऊन माझ्या नेवऱ्या खाल्ल्या. दिल्लीनं काही का ठरवेना, भावोजींचं नवं पुस्तक येईपर्यंत मुळगाव केंद्रशासितच राहिलं.