ओहानेसची साक्ष

तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराच्या नव्या न्यायकचेरीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी नेजिप आगा जपमाळ ओढत बसले होते. त्यांच्या पलीकडे त्यांचा आर्मेनियन शेजारी, विणकर ओहानेस.

"उस्ता ओहानेस, आजच्या दाव्यातली ती विहीर माझ्या वडिलांनी खणली, हे पाहणारा तूच एक उरलास."

"पण आगा, मी ख्रिस्ती. माझी साक्ष चालेल?"

"सुलतानांचं फर्मान आलंय ना! आता सगळे सारखे."

"माझ्या बहिणीच्या तुतीच्या बागेवर तुम्ही दावा लावलात, तेव्हा तुम्हीच म्हणालात, ख्रिस्त्याची साक्ष धरू नका."

"तेव्हा कायदाच तसा होता रे."

"आणि बाग तुमच्या कुंपणात गेली."

"झालं गेलं, सोड. आत खरं सांगशील ना?"

"खरं तर मी तेव्हाही सांगणार होतो."

आतून पुकारा झाला. ओहानेस उठला. आगांची जपमाळ हातातच थांबली.