खडीचा रस्ता झाल्यापासून

"धूळ, नुसती धूळ! चहातसुद्धा कचकच लागते."

दुकानाच्या रांगेत लोर्नाच्या पुढे अ‍ॅडलेड म्हातारी कुरकुरत होती. तिच्या पुढे तिचा दीर एझ्रा. त्यांच्यात दिराने वहिनीची थट्टा केली नाही, तर गावाला वाटतं भांडण झालंय.

"मग वहिनी, रोज खुर्ची टाकून रस्त्याकडेच का बसता?"

"तुझं थोबाड दिसू नये म्हणून."

"गाडी दिसली की केस विंचरता म्हणे. कुणी देखणा ड्रायव्हर आहे का?"

"आहे तर! तुझ्याहून दातही जास्त आहेत त्याला."

रांग हसली, लोर्नाही हसली.

"मग तो धुरावर सुकवलेला रानहंस त्याच्यासाठीच ठेवलाय? मी मागितला तर हातावर फटका दिलात."

"रोझॅनसाठी आहे तो. माझ्या लेकीला शहरात कुठला मिळायला?"

"पूर्वी बरं होतं, हिवाळ्यात तळं गोठलं की त्यावरून जायचा तेवढा बर्फाचाच रस्ता होता. बर्फ पातळ आहे, असा निरोप तरी यायचा तिचा. आता बारमाही रस्ता झाला, आता काय—"

एझ्राने जीभ चावली. रांगेतलं कुणीच हसलं नाही.

म्हातारीने पिठाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तेव्हाच बरं होतं रे, एझ्रा. तेव्हा तिला येता येत नव्हतं."