ओझी की रिपकन

सुलेखा : दिगू, मान मागे टाकू नकोस, रक्त घशात जातं. पुढे वाक. बर्फ दाबून धर. आणि श्रीरंग, ती बॅट आधी खाली ठेव.

श्रीरंग : ठेवतो. याने एकदा पुन्हा म्हणावं, मग ठेवतो.

सुलेखा : माझ्या घरी जेवायला येऊन माझ्याच भावाचं नाक फोडलंस. कशावरून, तर टीव्हीवरच्या बेसबॉल मॅचवरून?

दिगंबर : शॉर्टस्टॉपवरून, ताई.

सुलेखा : तो कोण?

दिगंबर : दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असतो तो. सगळे कठीण बॉल तिकडेच येतात. मी म्हटलं, आजच्या घडीला ओझी स्मिथसारखा दुसरा नाही. हवेत आडवा होऊन अडवतो, यार. हा म्हणे कॅल रिपकन.

श्रीरंग : पाच वर्षांत एक मॅच चुकवली नाही त्याने. ताप असो, पाय दुखो, रोज उभा. कोलांट्या सर्कशीतही मारतात.

दिगंबर : तू एक बॉल तसा अडवून दाखव, मग बोल.

श्रीरंग : दात शाबूत आहेत तोवर गप्प बस.

सुलेखा : पुरे. दुसरा घाव याच्या डोक्यात बसत होता, श्रीरंग. फ्रिजचं दार बघ केवढं आत गेलंय. शॉर्टस्टॉपसाठी कोणी माणूस मारायला उठतं का?

श्रीरंग : पुढे काय म्हणाला ते विचारा त्याला.

दिगंबर : बोलण्याच्या भरात गेलं तोंडातून.

श्रीरंग : सांग ना ताईंना.

दिगंबर : म्हटलं, रोज हजर राहण्याचं काय कौतुक. तुझे वडील, नाना गेले म्हणून आपल्या खोलीवर फोन वाजला, तेव्हाही तू लॅबमध्ये हजर होतासच.

सुलेखा : म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?

दिगंबर : याच्या आईचा, काकूंचा फोन होता. मीच घेतला.

श्रीरंग : मला कळलं पीएचडीची परीक्षा झाल्यावर. दादाच्या पत्रातून. मधले अठरा दिवस हा माझ्यासमोर बसून जेवला, ताई. माझी पाळी असली तरी स्वयंपाक हाच करायचा. मला वाटायचं, अभ्यास आहे म्हणून. एकदा पिक्चरला नेलं, मी पोट धरधरून हसलो. नानांना पत्र लिहिलं, त्यावर स्टॅम्प याने चिकटवला.

सुलेखा : दिगू?

दिगंबर : चिकटवला.

श्रीरंग : मारून टाकायला हवं होतं तुला.

सुलेखा : बेल वाजतेय. थांबा, बघते... पोलिसांची गाडी आहे. शेजारणीने आवाज ऐकून फोन केला असणार. बॅट दे इकडे, श्रीरंग.

श्रीरंग : येऊ दे त्यांना.

सुलेखा : अरे, स्टुडंट व्हिसा आहे तुझा. पकडून नेलं तर भारतात पाठवून देतील.

श्रीरंग : तिकडेच जायचं होतं मला. नाना गेले तेव्हा, मे महिन्यात.

सुलेखा : दिगू, काय सांगणार आहेस त्यांना?

दिगंबर : मागे अंगणात खेळत होतो. ग्राउंडर, जमिनीवरून सरपटत येणारा बॉल, उसळला आणि तोंडावर आला.

श्रीरंग : तुझ्या हातून ग्राउंडर सुटत नाही.

दिगंबर : आज सुटला.

सुलेखा : पुन्हा बेल वाजवतायत. उघडू ना?

श्रीरंग : एक मिनिट. आई काय म्हणाली फोनवर? जसंच्या तसं सांग.

दिगंबर : रडत होत्या. म्हणाल्या, पेपर होईपर्यंत बोलू नकोस. आणि तोवर त्याला रोज नीट जेवायला घाल, मग काही दिवस त्याला घास जाणार नाही.

सुलेखा : श्रीरंग, दार उघडायला हवं.

श्रीरंग : बॅट घ्या, ताई. बर्फ मी धरतो.